विरोधात कोण बोलणार?

२० एप्रिल, रविवार

आज मला सूत्रसंचालन दिलं. मी मागितलं नव्हतं.

आजोबांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. पुण्यस्मरणाचा कार्यक्रम अठरा मेला, इथे कोपरीतच, आजी आणि मी राहतो तिथे, विहाराच्या सभागृहात. तो ठरवायला बाबा डोंबिवलीहून आले होते आणि शालनआत्या कल्याणहून. आत्याबरोबर संचिताही होती. ती आत्याची मुलगी, सीए करते आणि माईक हातात आला तर सोडत नाही. त्यामुळे बाबांनी आधीच धरलं होतं की सूत्रसंचालन तीच करेल.

संचिता म्हणाली, "मामा, माझे पेपर आहेत. प्रीतमला द्या ना. त्याचं मराठी आपल्या सगळ्यांपेक्षा शुद्ध आहे."

बाबा म्हणाले, "शुद्ध असून काय करायचं? तोंडातून बाहेर तर पडायला पाहिजे."

आजी आत ओट्यापाशी होती. तिथूनच म्हणाली, "प्रीतम करेल." आणि फोडणी टाकली. विषय संपला.

आमच्या घरात हे असंच चालत आलंय. आजोबा वागळे इस्टेटमध्ये पंपांच्या कंपनीत जनरल मॅनेजर होते. साताऱ्याकडच्या गावातून आले, टाइमकीपर म्हणून लागले, संध्याकाळच्या कॉलेजात शिकले आणि वर वर चढत गेले. कंपनीत मीटिंग घेऊन काम चालतं, मग घरात का चालू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी नाश्ता झाला की घरात मीटिंग. अध्यक्ष दर वेळी वेगळा. मी दुसरीत असताना एकदा झालो होतो, विषय होता फ्रिज. एक नियम मात्र पक्का. सगळ्यांचं एकमत झालं तरी आजोबा विचारायचे, "विरोधात कोण बोलणार?" कोणीच नसेल तर एकाला नेमायचे, आणि मनात असो नसो, त्याला विरोधात बोलावंच लागे. ज्याला कोणी टोकलं नाही तो निर्णय कच्चा, असं ते म्हणायचे.

आजी मात्र मीटिंगला कधी बसली नाही. तिचं काम चालू असायचं आणि बोलणं आतून. आजोबा तिला 'विरोधी पक्ष' म्हणायचे.

ते गेल्यापासून एकही मीटिंग झालेली नाही. बोलवणार कोण?



२२ एप्रिल, मंगळवार

दुकानात 'उत्कृष्ट गोलंदाज' नावाच्या ट्रॉफ्या होत्या. मी खोपटला नयनभाईंच्या सन्मानचिन्हांच्या दुकानात काम करतो. डिप्लोमा दुसऱ्या वर्षात सुटला, तेव्हापासून इथे. पितळेवर कोरलेलं अक्षर पुसता येत नाही, म्हणून मी प्रत्येक नाव गिऱ्हाइकाकडून दोनदा वाचून घेतो. नयनभाई म्हणतात, "प्रीतम, तू पोलिसात पाहिजे होतास."

पण भाषणात असं करता येत नाही. बोललेलंही पुसता येत नाही आणि आधी कोणाकडून वाचूनही घेता येत नाही.

२७ एप्रिल, रविवार

परशुराम घरत आले होते. आजोबांच्या कंपनीत फिटर होते आणि युनियनचे पुढारी. वयाने आजोबांपेक्षा बरेच लहान, पण आता तेही काठी टेकत चालतात. कार्यक्रमात कामगारांच्या वतीने ते बोलणार. मी म्हटलं, "काका, काय बोलणार ते थोडक्यात सांगा, म्हणजे मला ओळख लिहिता येईल."

"मना लिवून बोलता येत नाय. उभा रायलो की येतं."

"तरी पण साधारण विषय?"

"घेराव."

मग त्यांनी सांगितलं. बोनसवरून कामगारांनी आजोबांना त्यांच्या केबिनमध्ये कोंडलं होतं. आजोबा म्हणाले, "कोंडा, पण मला घरी फोन करू द्या. मी जेवायला घरी जातो, बायको वाट बघेल." यांनी फोन करू दिला. आजोबा फोनवर म्हणाले, "कलावती, उशीर होईल. मला कोंडलंय." पलीकडून आजीने विचारलं, किती माणसं आहेत?

"तुझी आजी रिक्षात पातेला घेऊन आली," परशुरामकाका म्हणाले. "पिठलं, भाकऱ्या, लसणाची चटणी. सायबाला नाय, आमाला. सायबाच्या पुढं बसून आमी जेवलो. आता सांग, ज्याच्या घरचं जेवलो त्याला कोंडून कसा ठेवायचा?"

आजी चहा घेऊन आली. म्हणाली, "आणि माझं पातेलं परत दिलं नाही कोणी."

"वयनी, बोनस दिलात, पातेला आमी ठेवला."

आजी हसली. मला वाटतं पुष्कळ दिवसांनी हसली. मी लिहून ठेवलं: 'परशुराम घरत. विषय : कामगार-व्यवस्थापन सलोखा.'

३ मे, शनिवार

आज वाईट झालं.

आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. जूनअखेर सगळ्यांनी घरं रिकामी करायची. बिल्डर भाडं देणार, तो प्रश्न नाही. प्रश्न आजीचा. बाबा आणि आत्याने मला गॅलरीत बोलावलं आणि सांगितलं की ठरलंय. सहा महिने डोंबिवलीला आमच्याकडे, सहा महिने कल्याणला आत्याकडे, नवी इमारत होईपर्यंत.

"आईला आत्ता काही बोलू नकोस," आत्या म्हणाली. "कार्यक्रम होऊ दे. उगाच मन खट्टू होईल तिचं."

मी म्हटलं, "आणि मी?"

बाबा म्हणाले, "तू घरी यायचंस. आजोबांसाठी म्हणून आलेलास ना इथे? झालं ते. आता तुझं पण काहीतरी बघायला पाहिजे. आयुष्यभर ट्रॉफ्या घासणार आहेस का?"

मी म्हटलं, "घासत नाही, कोरतो." पण ते आत गेले होते.

मला म्हणायचं होतं की आजीने कोपरीतच राहावं आणि मी तिच्याबरोबर राहीन. पण मी कोण सांगणारा? आजीची काळजी मीच घेतो हे खरं. गोळ्यांची डबी मी भरतो. मी आठवण करून देतो तोवर तिने गोळी घेतलेली असते, पण आठवण मी करून देतोच. झोपण्याआधी गॅस मी बघतो. त्यावर ती मध्ये म्हणाली होती, "तू झोपलास की मी परत बघते. तू उघडबंद करून करून बटण ढिलं केलंस."

आजीपासून काही लपवलं की मला जेवण जात नाही. आज तिने काही न विचारता ताटात दुसऱ्यांदा आमरस वाढला.

८ मे, गुरुवार

आजीने पोळ्या लाटता लाटता विचारलं, "डोंबिवलीच्या घरातला ओटा उंच आहे ना रे?" मी म्हटलं, हो, उंच आहे, आईच्या उंचीचा आहे. मग विचारलं, "आणि शालनच्या तिथली लिफ्ट?" मी म्हटलं, ती बंदच असते बहुतेक. तिने एवढंच विचारलं. सहज.

दुपारी ती विहारातल्या बायकांबरोबर मागच्या गल्लीत कोणाच्या तरी घरी जाऊन आली. फार खूश होती. तळमजला आहे, पाणी दोन्ही वेळ येतं, खिडकीतून पिंपळ दिसतो, म्हणाली. मी म्हटलं, छान. लोकांची घरं बघण्यात तिचं मन रमतं, हे बरं आहे.

संचिताचा फोन आला. तिला मी माझं सूत्रसंचालन वाचून दाखवलं.

"अरे, तू बँकेची नोटीस वाचतोयस. माणसांकडे बघून बोल जरा."

"माणसांकडे बघितलं की कागदावरची ओळ हरवते."

"हरवू दे ना. घरचीच माणसं आहेत, खाणारेत का तुला?"

तिला सांगणं सोपं आहे.

१३ मे, मंगळवार

बाबांनी त्यांचं भाषण मोबाइलवर पाठवलं, ऱ्हस्वदीर्घ बघायला. चांगलं लिहिलंय. चुकाही कमी आहेत. त्यात बंगल्याची गोष्ट आहे, जी आमच्यात सगळ्यांना पाठ आहे. आजोबा जनरल मॅनेजर झाले तेव्हा कंपनीने त्यांना बाग असलेला बंगला देऊ केला होता. त्यांनी तो नाकारला आणि कोपरीच्या या दोन खोल्यांतच राहिले. बाबांनी लिहिलंय, 'पदाचा मोह त्यांना कधी शिवला नाही. असा निर्मोही माणूस पुन्हा होणे नाही.'

मी ते मोठ्याने वाचलं. आजी मेथी निवडत होती. म्हणाली, "असं का." आणि निवडत राहिली. भाषण तिला आवडलं असावं.

निमंत्रणपत्रिका छापून आली. 'कालकथित उत्तम धोंडीबा रणपिसे' बरोबर आहे. आधी प्रेसवाल्याने सवयीने 'कैलासवासी' टाकलं होतं. आपल्यात तसं लिहीत नाहीत, हे त्याला मी तिथेच सांगितलं होतं. एवढं एक तरी माझ्या हातून नीट झालं.

१७ मे, शनिवार

पांढरा सदरा इस्त्री केला. मग जरा सुरकुती दिसली म्हणून परत केला. आजी म्हणाली, "आता कापड जळेल."

तिला स्टेजवर बसायचं नाही. बाबांनी खूप सांगितलं. ती म्हणाली, "स्टेजवर साहेबांचा फोटो आहे तेवढा पुरे. मी समोर बसते. तिथून ऐकू येतं."

१८ मे, रविवार

कसं लिहू कळत नाही. क्रमाने लिहितो.

सभागृह भरलं होतं. कंपनीतले निवृत्त लोक, विहारातले लोक, गावाकडून दोन चुलते. मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील झालं. मी कागदावर बोट ठेवून वाचत होतो.

भाषणं सुरू झाली. शिस्तप्रिय. मनमिळाऊ. साधी राहणी. वेळेचे पक्के. पुढचे वक्तेही शिस्तप्रियच म्हणाले. पंखे गरगरत होते आणि लोक पत्रिकेने वारा घेत होते. परशुरामकाकांनी घेरावाची गोष्ट सांगितली तेव्हा जरा जाग आली, पण शेवटी तेही माईकला घाबरून म्हणाले, "असे आमचे सायब शिस्तीचे होते," आणि बसले. मग बाबा. बंगल्याशी आल्यावर त्यांचा आवाज भरून आला. 'निर्मोही' म्हणाले तेव्हा टाळ्या पडल्या.

त्यानंतर मला आत्याला आभारासाठी बोलवायचं होतं. कागदावर तसं स्पष्ट लिहिलं होतं. पण मला संचिताचं आठवलं, आणि म्हटलं, एकदा तरी माणसांकडे बघावं. वर बघितलं तर समोर आजी. ती फोटोकडे बघत होती, पण अशी, जसं ओळखीचं माणूस गर्दीत शोधत्ये आणि सापडत नाहीये. मी ओळ हरवली. इतका वेळ सगळे एकाच बाजूने बोलले होते, आणि असे सगळे एका बाजूने बोलले की आमच्या घरात पुढे काय विचारतात ते मला तोंडपाठ आहे.

मी माईकवर म्हटलं, "विरोधात कोण बोलणार?"

गावाकडच्या एका चुलत्याने दुसऱ्याला विचारलं, काय म्हणला? बाबांचा चेहरा मी बघितला आणि परत बघितला नाही. मागून कोणीतरी हसू दाबलं, ती संचिता होती. मी 'क्षमस्व' म्हणायला तोंड उघडलं, आणि समोरच्या रांगेत आजीने हात वर केला. शाळेत करतात तसा.

"मी बोलते."

मी माईक घेऊन खाली गेलो. ती स्टेजवर आली नाही, खुर्चीला धरून तिथेच उभी राहिली.

"बंगला यांनी नाकारला नाही," ती म्हणाली. "मी नाकारला. हे तर पडद्याचं कापडसुद्धा बघून आले होते. निळं. मग घरात मीटिंग घेतली. हे बंगला म्हणाले, सासरे बंगला म्हणाले, दोन्ही पोरं बंगला म्हणाली. आमचा प्रशांत तर सगळ्यात मोठ्यांदा. त्याला क्रिकेटला अंगण पाहिजे होतं."

सगळे बाबांकडे बघून हसले. बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मग यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, विरोधात कोण? मी आतून म्हटलं, तुम्ही कंपनीत जाणार, पोरं शाळेत जाणार, त्या बंगल्यात मी बोलू कोणाशी, निळ्या पडद्याशी? इथं माझी माणसं आहेत. यांनी मीटिंग तिथंच बंद केली. म्हणाले, घरात दिवसभर राहणार ती, तिचं मत ते घराचं मत. पुन्हा कधी विषय काढला नाही. फक्त वीज गेली की अंधारात म्हणायचे, 'कलावती, बंगल्यात जनरेटर होता.'"

आता हसणं थांबेना. आजीने थांबून वाट बघितली, मग म्हणाली, "कंपनीच्या खडवलीच्या सहलीत नदीवर यांनी ज्यांना पोहायला शिकवलं, त्यांनी हात वर करा बघू."

निम्म्या सभागृहाचे हात वर. टक्कल पडलेले, काठीवाले, बाबा, आत्या, सगळे.

"यांना पोहता येत नव्हतं."

परशुरामकाका उठून उभे राहिले. "वयनी, काय सांगतेस? मी बुडत होतो तवा सायब काठावरून ओरडत होते, पाय मार, पाय मार!"

"काठावरूनच ना? गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेले बघितलंत का कधी?"

"नाय गं बघितला," परशुरामकाका म्हणाले आणि खाली बसले. "आयला, मी कोनाच्या भरवशावर पोहत होतो."

आजी म्हणाली, "मी विचारलं होतं यांना, तुम्हाला येत नाही तर शिकवता कसं? तर म्हणाले, पंप तरी मला कुठं बनवता येतो."

यानंतर मला सूत्रसंचालन करावंच लागलं नाही. लोकच हात वर करून माईक मागायला लागले. कंपनीतले अकाउंट्सचे एक साहेब म्हणाले, "मी विरोधात. जेवणाच्या सुट्टीत कॅरममध्ये उत्तमराव राणी ढापायचे." विहारातल्या एक ताई म्हणाल्या, प्रत्येक पौर्णिमेला खिरीच्या पातेल्याशी उभं राहून ढवळायचं कसं ते सांगायचे, आणि शेवटी खीर त्यांच्यामुळेच खाली लागायची. आत्या आभाराला उठली आणि आभार सोडून तिसरंच सांगत बसली. लग्न ठरल्यावर आजोबांनी नवऱ्याकडच्यांना मीटिंगला बोलावलं होतं आणि विरोधात बोलायला तिच्या सासूबाईंना नेमलं होतं. त्या इतकं छान बोलल्या की लग्न मोडता मोडता राहिलं.

कार्यक्रम वेळेच्या बराच पुढे गेला. माझा कागद घडी घालून खिशातच राहिला. पण आजी आता फोटोकडे ओळखीचं माणूस सापडल्यासारखी बघत होती.

मग खीर वाटताना झालं ते. बाबा आजीला वाटी द्यायला आले, मी शेजारी होतो. आजी हळूच म्हणाली, म्हणजे फक्त आम्हा दोघांना ऐकू जाईल अशी, "प्रशांत, माझे सहा-सहा महिने ठरवलेत ना, तेव्हा विरोधात कोण बोललं रे?"

बाबांनी वाटी धरून माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं नव्हतं. खरंच नव्हतं.

आजी म्हणाली, "त्याच्याकडे काय बघतोस. माझी खाट गॅलरीला लागूनच आहे."

१९ मे, सोमवार

बाबांचा फोन नाही. मी केला नाही. माझ्यामुळेच सगळं झालं. मी ती एक ओळ नीट वाचली असती तर आजी उठली नसती आणि बाबांचं भाषण टाळ्यांवर संपलं असतं.

संचिताचा मात्र आला. "हिरो, सगळे तुझंच बोलतायत." ती चेष्टा करते हे मला कळतं.

आजी दिवसभर गुणगुणत होती. संध्याकाळी म्हणाली, "सगळ्यांना कळव. रविवारी मीटिंग."

मी म्हटलं, "आजी, पंचवीस तारीख आहे. पहिला रविवार नाही तो."

"मग तातडीची म्हणून कळव."

२५ मे, रविवार

आई सोडून सगळे आले. ती हॉस्पिटलात नर्स आहे, तिची ड्युटी होती. आजीने सकाळीच स्वयंपाक उरकला होता आणि आज ती पहिल्यांदा टेबलाशी बसली. आजोबांच्या खुर्चीत नाही, दाराजवळच्या. अध्यक्ष कोण असं आत्याने विचारलं, तर म्हणाली, मीच.

"विषय एकच. मी कोपरी सोडणार नाही. मागच्या गल्लीत तळमजल्याची जागा बघून आले आहे. पाणी दोन्ही वेळ येतं. खिडकीतून पिंपळ दिसतो. नवी इमारत होईपर्यंत मी आणि प्रीतम तिथं राहणार. बोला."

पिंपळ म्हटल्यावर मला कळलं की ती कोणाचं घर बघायला गेली होती. आणि माझं नाव घेतलं तेव्हा माझ्या हातातून चमचा पडला.

मला वाटलं आता भांडण होणार. पण झालं नाही. आत्याचे डोळे आल्यापासूनच ओले होते. ती म्हणाली, "आई, चुकलंच आमचं. मी शनिवारी येत जाईन." संचिता म्हणाली, "मला चालेल, मी पण येत जाईन, मला इथून क्लास जवळ पडतो." बाबा टेबलावर बोटाने रेघा ओढत होते. म्हणाले, "तुझी इच्छा आहे ना आई? मग झालं."

"विरोधात कोण बोलणार?" आजीने विचारलं.

कोणीच नाही.

"मग नेमावं लागेल. प्रीतम, तू बोल."

"आजी, मी तर बाजूने आहे."

"म्हणूनच."

नियम आहे. मी उभा राहिलो. अर्धवट विरोध आजोबांना चालत नसे, म्हणून मी सगळं आठवून बोललो. म्हटलं, आजीबरोबर राहणारा माणूस मी आहे आणि तो भरवशाचा आहे की नाही ते आधी बघायला हवं. माझा भात एकतर करपतो नाहीतर गिचका होतो. आजी रात्री खोकली की कोणाला फोन करावा हे ठरवण्यातच माझा वेळ जातो, तोवर ती आलं चघळून झोपलेली असते. मी घाबरतो. आठवडाभरापूर्वी भर सभेत काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय. डिप्लोमा मला पूर्ण करता आला नाही. पुढे काय करणार असं कोणी विचारलं तर सांगता येत नाही. बाबा म्हणतात मी ट्रॉफ्या घासतो, त्यात थोडं तथ्य आहे, कोरून झाल्यावर घासाव्या लागतात. आतापर्यंत मी कुठलीही गोष्ट शेवटपर्यंत नेली आहे असा पुरावा—

"बास," बाबा म्हणाले.

"अजून दोन मुद्दे आहेत."

"पुरावा नाही म्हणजे काय? अण्णांना शेवटी आंघोळ कोण घालत होतं?" आजोबांना बाबा अण्णा म्हणायचे.

"मी."

"रोज पेपर कोण वाचून दाखवायचं? त्यांना ऐकू येईना तेव्हा पाटीवर मोठ्या अक्षरात बातम्या कोण लिहायचं?"

"मीच. पण बाबा, ते बाजूचे मुद्दे झाले. मला विरोधात बोलायला सांगितलंय."

संचिताला चहाचा ठसका लागला.

"मग मी बाजूने बोलतो," बाबा म्हणाले आणि उठून उभे राहिले. एवढ्या मीटिंगांत मी बाबांना कधी उभं राहून बोलताना बघितलं नव्हतं. "अध्यक्ष, मला बोलायचंय. शेवटच्या दिवशी अण्णांनी मला विचारलं, प्रीतम कुठाय. मी त्यांचा मुलगा, मी समोर बसलेलो, आणि मला विचारतायत प्रीतम कुठाय. मला राग आला होता. कोणाला सांगितलं नाही मी. वर्षभर त्या रागात होतो. आणि हा म्हणतो पुरावा नाही. शेवटपर्यंत अजून काय न्यायचं असतं? भात शिकेल. भात काय, कुकर लावला की होतो. आई याच्याबरोबर राहील, आणि याच्याबद्दल आता या घरात कोणी काही बोललं तर मी…" आणि ते बसले.

बाबांना माझ्या मुद्द्यांचा एवढा राग का आला ते मला कळलं नाही. मुद्दे तर त्यांचेच होते बहुतेक.

आजी माझ्याकडे बघत नव्हती. ती बाबांकडे बघत होती, आणि विहारात लोक कॅरमबद्दल बोलत होते तेव्हा जशी दिसत होती तशीच दिसत होती. तिने टेबलावर चमचा आपटला. "मंजूर. शालन, पुरणपोळ्या गरम कर."

बाबा नेहमी जेवण झालं की लगेच निघतात. आज ते दिवस कलेपर्यंत बसले. निघताना मी दारापर्यंत गेलो. बूट घालता घालता म्हणाले, "असं बोलतात का रे स्वतःबद्दल?"

"विरोधात बोलायचं होतं ना."

"मग जागेच्या विरोधात बोलायचं. तळमजला आहे, ओल असेल, डास असतील, रस्त्यावरचा आवाज येईल. किती काय काय होतं."

मला हे सुचलंच नव्हतं. खरंच चांगले मुद्दे होते. मी तसं सांगितलं. त्यांनी माझ्या सदऱ्याची कॉलर, जी सरळच होती, ती सरळ केली.

"उद्या अर्धी सुट्टी टाकतो," म्हणाले. "जागा दोघं मिळून बघून येऊ. जाळ्या बसवून घ्यायला पाहिजेत खिडक्यांना. मापं घ्यायला टेप आहे का तुझ्याकडे?"

मी म्हटलं, दुकानातून आणतो.

आत आलो तर आजी ओट्यापाशी होती. एवढा वेळ दारात काय बोलत होतात, तिने विचारलं.

मी म्हटलं, डासांबद्दल.